दारासमोरचा पेंढा

पपा अत्यवस्थ आहेत हे साऱ्या लंडनला आमच्या दारासमोरच्या पेंढ्यावरून कळलं. घरात कुणी शेवटच्या दुखण्यात असलं की रस्त्यावर पेंढा अंथरायचा, म्हणजे गाड्यांचा खडखडाट आजाऱ्याला बाधत नाही. मी स्वतः उभी राहून घोट्याइतका अंथरून घेतला होता. नको तो शहाणपणा केला.

माझा धाकटा भाऊ लायनेल संसदेच्या कॉमन्स सभेचा निवडून आलेला सभासद होता. गिरण्यांतल्या मुलांचे कामाचे तास कमी करायचं त्याचं विधेयक मताला आलं होतं आणि मतं अगदी काठावर होती. पपा गेले की त्यांची उमरावकी लायनेलकडे येणार, तो त्या क्षणी हॅव्हरलीचा अर्ल होणार, आणि उमरावाला कॉमन्समध्ये मत नाही. विरोधकांनी पेंढा पाहिला आणि भाषणं लांबवायला घेतली. त्यांचा म्होरक्या सर बार्नबी क्रौच, गिरणीवाला, पपांचा जुना दोस्त. येता-जाता आमच्या दाराशी गाडी हळू करून बघायचा. मेल्याला आत येऊन विचारपूस करायची मात्र लाज वाटत होती.

त्या दुपारी लायनेल क्षणभर घरी आला.

"काय चाललंय तिकडे?" पपांनी विचारलं.

"लोकरीच्या धंद्याचा इतिहास. क्रौचचा माणूस कालपासून बोलतोय."

"कशासाठी?"

लायनेल हातमोजे चढवू लागला. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. "तुम्ही मरायची वाट बघतायत, पपा."

पपांना ते विधेयक डोळ्यांसमोर नको होतं. त्यापायी वर्षभर बापलेक एका टेबलावर जेवले नव्हते. त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

"जॉर्जी, तो पेंढा उचलायला सांग. आणि माझा निळा कोट काढ. दाढी करायचीय."

"वेड लागलंय का तुम्हाला? डॉक्टरांनी हलायचंसुद्धा नाही म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरला मत नाही. उचल म्हणतो ना."

"पण तुम्हाला तर ते विधेयक नकोच आहे."

"नकोच आहे. खुळचट आहे. पण मला जिंकायचं तर वाद घालून. मरून नाही."

मी भांडले, रडलेसुद्धा. काही चाललं नाही. लायनेल सभेत परत गेला, पेंढा उचलला गेला आणि आम्ही पपांना रस्त्याकडच्या खिडकीत खुर्चीवर बसवलं. गाडी गेली की ते डोळे मिटून खुर्चीचा हात घट्ट धरायचे. क्रौचची गाडी आली तेव्हा मात्र त्यांनी चहाचा कप उचलला आणि मान डोलावली. क्रौचने गडबडून हॅट काढली.

"गेला तो. आता आडवे व्हा," मी म्हटलं.

"परत येईल. आणि आडवा झालो तर मी उठणार नाही, तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत मी त्यांचा गार हात धरून बसले. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता, आणि इतका अभिमानही वाटला नव्हता.

दिवे लागले तसा लायनेल धापा टाकत आला. "जिंकलो, पपा. थोडक्यात."

"आणि क्रौच?"

"तुम्ही बरे झालात, मग लांबवून उपयोग काय, म्हणाला. भाषणं आटोपली आणि तो जेवायला घरी गेला. मताच्या वेळी नव्हताच."

पपा हसले, मग खोकले. "आता विधेयक आमच्या उमरावांच्या सभेत येईल. मी विरोधात मत दिलं असतं."

"माहीत आहे."

"आता माझ्या जागी तू बसशील. बसून माझ्याविरुद्ध बोलशील."

"हो, पपा," लायनेल पुटपुटला.

"मग जरा मोठ्याने बोल. तिथले म्हातारे बहिरे आहेत."

आम्ही त्यांना पलंगावर निजवलं. पहाटे ते गेले.

सकाळी रात्रीचं काही न कळलेला तबेल्यातला माणूस विचारायला आला, "बाईसाहेब, पेंढा परत अंथरायचा का?"

"नको," मी म्हटलं. "आता वाजू देत गाड्या."