मोठ्याने उच्चारलेला आकडा

दुसऱ्याच्या देहाची गोष्ट ज्याच्या हाती सोपवली जाते, त्याने ती झाकून ठेवावी, हा धर्म माणसांना जितका बांधतो तितकाच मलाही बांधतो. मला तो पाळता आला नाही. म्हणून मित्रांनो, मी मान खाली घालूनच बोलतो आहे.

मी बिलावरचा एक आकडा आहे. चार अंक आणि शेवटी एक अक्षर, एवढीच माझी काया. उपदंश, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात, त्या रोगाची दोन प्रकारची प्रतिद्रव्ये रक्तात एकदमच शोधली, की दवाखाना विमा कंपनीला मला कळवतो. तपासणीचे नाव उच्चारावे लागू नये, म्हणूनच माझा जन्म. नेब्रास्कातल्या आमच्या छोट्या गावात मी हे काम निमूटपणे करीत होतो. माझी स्तुती कधी कोणी केली नाही. कोणाच्या लक्षात न येणे हीच माझी प्रतिष्ठा होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी दवाखान्याच्या खिडकीत बसणारी जोडी नावाची कारकून विमा कंपनीशी फोनवर बोलत होती. पलीकडच्याला ऐकू येईना, आणि खिडकीची सरकती काच उघडीच राहिली होती. "केल्सी व्हाव्रा!" ती ओरडली, आणि पाठोपाठ एकेक अंक सुटा करून तिने मला उच्चारले. बाहेर बसलेल्यांना त्यात काही कळले नाही. कळले ते एकट्या आर्लीन हृश्काला. तिची उभी हयात याच दवाखान्याची बिले करण्यात गेली होती. निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते.

तिच्या काळी गरोदर बाईच्या रक्ताच्या साऱ्या तपासण्या एकाच आकड्यात बांधून जात. मी सुटा आलो, म्हणजे बाईवर संशय आहे, असे तिने धरले. आता दवाखाना गरोदर बायकांसाठीही मला वेगळा पाठवू लागला आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

मला पाय नाहीत. मी जिभेवरून हिंडतो. शनिवारी चर्चच्या तळघरात बायका नाताळासाठी कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, करायला जमल्या, तेव्हा आर्लीनबरोबर मीही तिथे होतो. केल्सीने बाह्या सरसावल्या, तशी आर्लीनने पिठाची परात आपल्याकडे ओढली.

"राहू दे गं. तू आपली खुर्च्या मांड."

"का? माझ्या हाताला काटे आहेत का?"

"काटे नाहीत. पण गरमीची तपासणी कशाला करतात, ते मला कुणी शिकवायला नको. बिचारा ट्रेंट! नवरा तिकडे राबतोय, आणि बायको..."

साऱ्यांचे हात थांबले. केल्सीची सासूही तिथेच होती.

गेल्या वर्षी केल्सीने आपली आनंदाची बातमी गावभर सांगितली होती, आणि ते बाळ पोटातच गेले, तेव्हा तेही तिला घरोघर सांगावे लागले होते. या खेपेला तिने सासूलाही काही कळू दिले नव्हते. आता कलंक अंगावर घ्यायचा, नाहीतर ते जपलेले सर्वांपुढे मांडायचे, एवढेच तिच्या हाती उरले.

"दिवस गेलेत मला," ती म्हणाली. "दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईचं हे रक्त तपासतात. एवढ्यात कुणाला सांगायचं नव्हतं. आता मागच्यासारखं झालं, तर घरोघर सांगायला तू जाशील का, आर्लीन?"

आर्लीनच्या हातून परात सुटली. "जळो माझं तोंड," ती पुटपुटली. "पोरी, मी..."

सासूने पिठाने भरलेले हात तसेच केल्सीच्या पाठीवर ठेवले. निळ्या स्वेटरवर दोन पांढरे पंजे उमटले.

मित्रांनो, मी तपासणी सांगतो, रोग सांगत नाही. पण हे त्या तळघरात सांगायला मला वाचा नव्हती. ज्याला झाकण म्हणून घडवले, त्याच्यापायीच एका आईला आपले गुपित उघडे करावे लागले. एखाद्याच्या दुखण्याची खूण चुकून तुमच्या कानी पडली, तर ती कानाआडच राहू द्या.

केल्सीच्या बाळाला पूर्ण दिवस लाभोत. आर्लीनला वाटलेली लाज तिला कडू न करता मृदू करो. आणि त्या आईला पुन्हा घरोघर काही सांगावे लागलेच, तर ते सुखाचेच असो.