नवी लेन्स सांगितली होती

जयाला राग आला की ती आरडाओरडा करत नाही, भांडी आपटत नाही. ती माणसाला नावानं हाक मारते. तिचा भाऊ भारत तिच्याहून चार वर्षांनी मोठा. बोलायला लागली तेव्हापासून ती त्याला भिया म्हणत आलेली. धाकट्या बहिणीच्या, वर्षाच्या, लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं त्याला पहिल्यांदा "भारत" म्हटलं, अन् चुलीपाशी बसलेल्या लालीबाईच्या हातातली भाकर हातातच राहिली. लेकीचा राग आई ओळखते.

कारण काय, तर कॅमेऱ्याची एक लेन्स. हसा लेकहो, हसायचं तर हसून घ्या.

आर्णीत या बहीणभावाचा स्टुडिओ आहे. पाटीवर नाव भारतचं, काम जयाचं. भारत ड्रोन उडवतो, नवरदेवाला गॉगल घालून चालायला लावतो, अन् मंडपात पुढाऱ्यांच्या शेजारी उभा राहून ओळखी वाढवतो. फोकस, आवाज, मग आठ-आठ दिवस कॉम्प्युटरपुढे बसून जोडाजोडी, हे सगळं जया करते. हौशीनं करते, म्हणून कोणी विचारत नाही.

वर्षाचं लग्न ठरलं तेव्हा त्या पोरीनं एकच हट्ट धरला. निघताना डीजे नको, मी ढावलो म्हणणार. सासरी निघालेली गोरमाटी, म्हणजे बंजारा, पोरगी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो ढावलो. आईच्या गळ्यात पडली की आईचा, बापाच्या गळ्यात पडली की बापाचा. थोडा पाठ असतो, बाकी त्या घडीला जे पोटातून येईल ते. आता तांड्यातल्या पोरींना तो येत नाही. जयालाही आला नव्हता. सहा वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा भारतनं आणलेला डीजे इतका दणदणत होता की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, अन् लालीबाई अजून म्हणते, माही मोठी पोरगी मुक्यानंच गेली. वर्षानं मात्र चार महिने आईपाशी बसून चाल बसवली. पण ताईच्या गळ्यात पडून काय म्हणणार, ते काही केल्या सांगितलं नाही. तेव्हाच ऐकजो, म्हणाली.

म्हणून जयाला लेन्स पाहिजे होती. पन्नास एमएमची, स्वस्तातली, सगळे लग्नवाले वापरतात ती. ती दोन तऱ्हेची मिळते, जुनी अन् नवी. काच दोन्हीत तीच, फोटो दोन्हीत तोच. पण जुनीतली मोटर फोकस करताना घरघरते, शिलाई मशीनीत दोरा अडकल्यासारखी. नवी जवळजवळ मुकी. फोटोवाल्याला त्याचं काय? पण ढावलो म्हणणारी पोरगी या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तिच्या पदराला माईक लावला तर नुसती खसखस येणार. माईक कॅमेऱ्यावरच बसवावा लागतो, मोटरीच्या डोक्यावर. जयानं महिनाभर विचार करून, लोकांचे व्हिडिओ ऐकून ठरवलं, घ्यायची तर नवी.

दोघं यवतमाळला दुकानात गेले. दुकानदारानं खुर्ची भारतला दिली. जया विचारायची अन् उत्तर भारतला मिळायचं. तिनं दोन्ही लेन्स कॅमेऱ्याला लावून कानाशी धरून पाहिल्या, तर दुकानदार हसून भारतला म्हणाला, "ताई लेन्स ऐकून राह्यल्या का?" भारतही हसला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण काम आपलं होतं, तिनं दोन्ही पुन्हा एकदा ऐकून घेतल्या. नवी दाखवायपुरती एकच होती, विकायची आठ दिवसांनी येणार होती. जयानं तिचं नाव कागदावर लिहून भारतच्या खिशात घातलं. रस्ताभर दोनदा सांगितलं. भारत म्हणाला, समजलं न माय, किती सांगशीन!

आठ दिवसांनी तो एकटा गेला अन् जुनी घेऊन आला. वरून नवरदेवाच्या एन्ट्रीला ठिणग्या उडवणारं यंत्र भाड्यानं ठरवून आला, वाचलेल्या पैशातून. अन् हे सगळं सांगितलं कधी? लग्नाच्या आदल्या दिवशी, डबा उघडल्यावर.

"काच तर तेच आहे न," तो म्हणाला. "दुकानदारानंच सांगितलं. फोटोत काही फरक नाही. तू कायले एवढी तापून राह्यली?"

"भारत," जया म्हणाली, "मी फोटोसाठी मागितली होती का?"

तो म्हणाला, तुले तर कशातच समाधान नाही. उंटावरचा शहाणा! ज्यानं आयुष्यात कधी हेडफोन कानाला लावला नाही, तो तिला समाधान शिकवत होता.

यवतमाळला जाऊन यायला आता वेळ नव्हता. हळद दारात होती. जयानं मोटर बंद ठेवायचं ठरवलं. लेन्सवरच्या बारक्या बटणानं ती बंद होते, मग फोकस हातानं करायचा. त्या जुन्या लेन्सची फिरवायची कडी पोरीच्या बांगडीएवढी, बोट ठरत नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं सगळं हातानं केलं अन् नीट केलं. ठिणग्याही उडाल्या. नवरदेव दचकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, भारत धन्य झाला.

चारच्या सुमारास गाडी दारात लागली. वर्षा आईच्या गळ्यात पडली अन् तिनं सूर धरला. जया दोन हातांवर कॅमेरा धरून उभी. डोळे वाहत होते, पण बोट कडीवर पक्कं. आईचा झाला, बापाचा झाला. पुढची पाळी तिची होती, अन् कॅमेरा तिला भारतच्या हातात द्यावा लागणार होता. नवी लेन्स पाहिजे होती ती याच दोन मिनिटांसाठी.

"बटणाले हात लावू नको," तिनं त्याच्या कानात सांगितलं. "धुरकट आलं तर येऊ दे. मले आवाज पाह्यजे."

वर्षानं मिठी मारली. तिचं तोंड जयाच्या कानाशी होतं, पण जया स्वतःच अशी हुंदके देत होती, वरून भोवतीच्या बायका, की पहिल्या 'ताई' या हाकेपुढं तिला काही उमगलं नाही. तिनं उमगून घ्यायची धडपडही केली नाही. कॅमेरा ऐकतो आहे, आपण रडून घ्यावं, असं तिला वाटलं. सहा वर्षांचं रडू होतं ते.

लग्नानंतर चौथ्या दिवशी जया स्टुडिओत बसली अन् ती दोन मिनिटं लावली. चित्र सुरेख होतं. वर्षाच्या पापणीवरचं पाणी मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. त्यावरूनच तिला कळलं. एवढं स्वच्छ भारतच्या हाताला येत नसतं. मग आवाज आला. वर्षाची 'ताई' म्हणून हाक, अन् त्यावर घर्र. अर्धा शब्द, घर्र, घर्र. दोघी रडताना हलत होत्या, अन् मोटर दर श्वासाला फोकस शोधत होती. जयानं आवाज चाळला, गाळला, तिला येत होतं ते सगळं केलं. मोटर कमी झाली की वर्षाही कमी व्हायची.

तिनं वर्षाला फोन केला. काय म्हणाली होतीस गं, मले सांग. वर्षा म्हणाली, "तवा आलं ते आलं ताई, आता आठवत नाही. अन् सासरी बसून ढावलो म्हणू का?" बरोबरच होतं तिचं.

दुपारी भारत आला, मोबाइलवर ठिणग्यांचा व्हिडिओ पाहत. जयानं विचारलं तर सरळ म्हणाला, हो, फिरवलं बटण. धुरकट दिसून राह्यलं होतं, बहिणीचं लग्न खराब करू का मी? त्यानं खुर्चीमागं उभं राहून जरासं ऐकलं अन् तोडगाही काढला.

"त्याच्यावरून एखादं बिदाईचं गाणं टाकून दे. कोणाले समजते?"

जया उठली. तिनं त्याला खांद्याला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला, नीट, दोन्ही कानांवर. स्टुडिओचं दार लोटून ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ऐक भारत. माही बहीण मले काय म्हणून राह्यली, ते सांग. सांगितल्याशिवाय उठू नको."

तो हसला. मग हसला नाही. दोन मिनिटं संपली. त्यानं मागं नेऊन पुन्हा लावलं, हेडफोन दाबून धरला, डोळे मिटले. तिसऱ्यांदा लावलं. बाहेर गिऱ्हाईक येऊन हाका मारत होतं, पासपोर्ट फोटो पाहिजे म्हणून. दार कोणी उघडलं नाही. पाचव्यांदा झाल्यावर त्यानं हेडफोन मानेवर ओढला. तोंड उतरलं होतं.

"'ताई' म्हणते," तो म्हणाला, "अन् मग नुसती मोटरच आयकू येते."

"हां," जया म्हणाली. "मले बी तेवढंच आलं. पुन्हा लाव."

त्यानं पुन्हा लावलं.