कुवेतच्या गोळ्या

मुलांनो, एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. चौलच्या अलीकडे, सुपारीच्या बागांमधून जाणारी. एका बाजूला महेरुन्निसाचं घर, समोर गोदूचं. मधे एवढीच वाट, की सायकल आली तर कोंबड्यांनी उडून जागा द्यावी. आता या दोन घरांमधून एक स्टीलचा डबा सारखा इकडून तिकडे जाताना पाहा. त्या गल्लीत डबा रिकामा परत करायची रीत नव्हती. गोदूकडून वालाची उसळ आली, की महेरुन्निसाकडून सांदणं जायची.

महेरुन्निसाचा मुलगा फैझान कुवेतला नोकरीला होता. तिथला कंपनीचा डॉक्टर हाताचा फार सैल. पाठ चार दिवस दुखली, तरी महिन्याच्या गोळ्या लिहून द्यायचा. फैझान त्यातल्या चार खायचा आणि उरलेल्या, सुट्टीवर येताना, खजूर-अत्तराबरोबर आईला आणून द्यायचा. औषध टाकून देणं महेरुन्निसाला अन्न टाकण्यासारखं वाटे.

भातलावणीच्या दिवसांत गोदू गुडघे धरत तिच्या ओट्यावर येऊन बसली.

"महेरू, गुडघं पार गेलं ग. वाकताच येत न्हाय."

"मग सांगायचं नाही होय? फैझानची गोळी देते. कुवेतची आहे, इथल्या गोळीत कुठे एवढी ताकद?"

"नाचायला लागेन बघ मी!"

"नाच, पण तुझ्या अंगणात. माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील."

गोळी लागू पडली. दुसऱ्या दिवशी गोदू शेतात उभी होती. मग तिच्याकडून डब्यातून तांदळाचं पीठ आलं, परत जाताना डब्यात गोळ्यांची पट्टी गेली. पुन्हा भाजी आली, पुन्हा पट्टी गेली. शेजारणीला नाही कसं म्हणायचं, आणि आलेलं परत कसं करायचं? गल्लीत महेरुन्निसाला "डॉक्टरीणबाई" म्हणू लागले. ती लटकं रागवायची, पण मनातून फुलायची.

दिवाळी सरली आणि गोदूचे पाय सुजले. तोंड सुजलं. अन्न पोटात राहीना. नवऱ्यानं, बुधाजीनं, तिला अलिबागला दवाखान्यात नेलं. सोबतीला महेरुन्निसा गेली.

तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, मूत्रपिंडांवर ताण दिसतोय. रक्तदाबाच्या गोळीखेरीज आणखी काही घेता?"

गोदूनं एकदा महेरुन्निसाकडे पाहिलं. "न्हाय बाय. दुसरं काय न्हाय."

महेरुन्निसाच्या घशाशी शब्द आला होता. पण शेजारी बुधाजी उभा होता. त्याला काय वाटेल? गल्लीत काय म्हणतील? शब्द तिनं गिळला. सांगू की, उद्या सांगू, असं म्हणत दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्या खाटेवरून गोदूनं इकडेतिकडे पाहिलं, कनवटीतून पट्टी काढली आणि चहाच्या घोटाबरोबर एक गोळी घेतली. महेरुन्निसाकडे बघून तिनं डोळा मिचकावला.

"तुझ्या गोळीवरच तग धरून हाय मी."

महेरुन्निसा चपला न घालताच डॉक्टरणीकडे धावली.

"कधीपासून घेताहेत?"

"लावणीपासून."

"रोज?"

"रोज."

डॉक्टरीण रागावली नाही. "गोळी वाईट नाही, खाला. पण ती थोड्या दिवसांची असते, आणि कोणाला चालेल ते तपासूनच द्यायची. यांच्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर तर नाहीच. परवा मी विचारलं होतं, तेव्हाच जर..."

गोदूला कळलं, तेव्हा तिला एकच दुःख झालं. "कशाला सांगितलंस ग? तुझंच नाव खराब व्हईल आता." ती भांडली असती, तर महेरुन्निसाला बरं वाटलं असतं.

गोदू वाचली. पण आता आठवड्यातून दोनदा तिला यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला अलिबागला जावं लागतं. शेतात ती पुन्हा उतरली नाही. महेरुन्निसा दर खेपेला बरोबर जाते, एसटीत खिडकीची जागा तिला देते. गुडघ्यांचा विषय दोघी काढत नाहीत. ते दोन दिवस मात्र महेरुन्निसाच्या मनातून जात नाहीत.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. डॉक्टरणीला सगळं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी महेरुन्निसा घरी आली आणि पडवीत नुसती बसून राहिली. तिच्या बहिणीची दहा वर्षांची मुलगी मिस्बाह शाळेसाठी तिच्याकडे राहायची. मिस्बाहनं पाणी आणून दिलं, सगळं ऐकलं, आणि विचारलं, "खाला, या गोळ्या अजून कोणाकोणाला दिल्यास?"

महेरुन्निसा बोटं मोजू लागली. सोनूबाईला कंबरेसाठी. बायजाला डोकं दुखतं म्हणून. कोपऱ्यावरच्या बाबाजीला... एका हाताची बोटं संपली, तशी तिनं ओढणी तोंडावर घेतली.

"कुठल्या तोंडानं जाऊ ग त्यांच्या दारात? हसून दिल्या होत्या मी."

मिस्बाहनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग शाळेची वही आणि पेन घेऊन ती बाहेर पडली आणि सोनूबाईची कडी वाजवली.

"सोनूआजी, खालानं दिलेल्या गोळ्या परत न्यायला आलेय. आतापर्यंत किती खाल्ल्या तेही आठवून सांगा. आणि उद्या आमच्याबरोबर डॉक्टरकडे चला."

सोनूबाई गोळ्या आणायला आत गेली. मिस्बाहनं उंबऱ्यावर बसून वही उघडली आणि वर सोनूबाईचं नाव लिहिलं.