खऱ्यापुढे लवणारी शिळा

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पाय प्लास्टरमध्ये असलेले एक आजोबा तर खाटेसकट यायला निघाले होते. शेवटी वॉर्डबॉयनं त्यांना चाकांच्या खुर्चीत घातलं आणि पुढच्या रांगेत आणून सोडलं. एक बाई सलाईनची बाटली उंच धरून टाचा वर करून बघत होती. बाटली ज्याच्या हाताला जोडली होती तो तिचा नवरा, बाटली जाईल तिकडे मुकाट्यानं सरकत होता. आदल्या दिवशी ज्यांना घरी सोडलं होतं, तेही आज पोटात कळ आल्याचं सांगून परत आले होते.

मधल्या टेबलावर जांभळी मखमल होती. मखमलीखाली दोन लाकडी ठोकळे होते आणि त्यांच्यावर, ओढ्यावरच्या साकवासारखी आडवी, हातभर लांबीची पिवळसर दगडाची फळी. टेबलामागे भूगर्भगुरू उभे होते. ही पदवी त्यांना कोणी दिली हे कोणी विचारलं नव्हतं. ती त्यांच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती.

"ही शिळा," गुरू डोळे मिटून म्हणाले, "पृथ्वीच्या पोटात कोटी कोटी वर्षं तपाला बसली होती. भूखंडांची मंथनं झाली, तेव्हा ती वर आली. जो खडक इतका खोल गेला आणि परत आला, त्यानं पृथ्वीचं मन पाहिलं आहे! ही खऱ्यापुढे लवते, खोट्यापुढे ताठ राहते. हिच्यात टेक्टॉनिक व्हायब्रेशन आहे, मॅडम."

मॅडम म्हणजे दवाखान्याच्या मालकीण, डॉक्टरीणबाई. त्यांच्या भिंतीवर पदव्यांच्या चौकटी ओळीनं टांगलेल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन फळीच्या मधोमध हात टेकला. बारीक करकर झाली, आणि दगड, चक्क दगड, मध्ये खाली लवला.

"वाकला हो! दगड वाकला!" आजोबा ओरडले. पाय प्लास्टरमध्ये नसता तर ते उठून नाचलेच असते.

हा सगळा घाट घातला होता एका चोरीसाठी. दवाखान्याच्या कपाटातून वेदना मारणाऱ्या इंजेक्शनच्या कुप्या नाहीशा होत होत्या. डॉक्टरीणबाईंना पोलिसांचा बोभाटा नको होता. म्हणून त्यांनी शिळेला बोलावलं.

एकेक जण पुढे आला. कंपाउंडरपुढे शिळा लवली. वॉर्डबॉयपुढे लवली. काउंटरवरच्या मुलीपुढे लवली, तेव्हा ती रडायलाच लागली. मग गुरूंनी मखमलीच्या खाली हात घालून "आसन" जरा नीट केलं आणि धाकट्या सिस्टरला खूण केली.

ही या दवाखान्यातली सगळ्यांत नवी नर्स. सगळे तिला धाकटी सिस्टरच म्हणत. तिनं हात टेकला. काही झालं नाही. तिनं जरा दाबून पाहिलं. बोटांची टोकं पांढरी पडली, तरी दगड आपला ढिम्म.

"दाब की गं जोरात!" आजोबा कळवळून म्हणाले.

"इथं जोर चालत नाही," गुरू म्हणाले. "इथं मन चालतं."

खोलीत इतकी शांतता झाली की सलाईनचे थेंब मोजता आले असते. धाकटीला एक विचित्र गोष्ट जाणवली. आपण काही घेतलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तिचे कान तापले होते, नजर वर होत नव्हती. चोराला होतं तसंच तिला होत होतं.

"घरी जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोमवारी गुरू पुन्हा येतील. सगळ्यांसमोर कबूल केलंस तर मी प्रकरण पुढे नेणार नाही. नाही केलंस तर तुझ्या नर्सिंगच्या नोंदणीवर पाणी सोड."

घरी आईनं सगळं ऐकलं, पदरात तोंड लपवलं आणि विचारलं, "तू नाही ना घेतलंस?"

त्या एका 'ना'नं धाकटीच्या काळजाला घरं पडली.

संध्याकाळी मावशी आली. ती भूगर्भशास्त्राची प्राध्यापक होती. जमिनीत खोल गाडले गेलेले, तिथे भाजून-दाबून रूप पालटलेले खडक हा तिचा सगळा जन्म. लग्नाच्या वयात तिला एक मुलगा दाखवला, तर घरी येऊन तिनं फक्त त्याच्या अंगठीतल्या खड्याचं वर्णन केलं होतं. दगडांत राहून दगड झाली, असं घरातले म्हणत. आताही तिनं भाचीला जवळ घेतलं नाही, की डोळे पुसले नाहीत.

"रंग कसला?" तिनं विचारलं. "पिवळसर? हाताला साखरेसारखा खरबरीत?"

"मावशी, माझं नाव मातीत गेलं, आणि तुला दगडाचं पडलंय!"

"मग कशाचं पडायला हवं? आळ त्यानंच घेतलाय ना? वाकताना आवाज आला?"

"बारीक करकर."

मावशीचे डोळे चमकले. "आणि तुझ्या आधी त्या बुवानं काय केलं?"

"मखमल नीट केली."

"प्रत्येकाच्या आधी केली?"

धाकटीनं आठवून पाहिलं. "नाही. फक्त माझ्या आधी." मग तिनं डोळे पुसले, आणि पहिल्यांदाच तिला रडू येण्याऐवजी राग आला.

सोमवारी गर्दी दुप्पट. धाकटी आईबरोबर उभी होती, आणि मावशी खांद्याला जड पिशवी लावून मागे. गुरूंनी पुन्हा सुरुवात केली आणि त्या वाक्याशी आले, "जो खडक इतका खोल गेला आणि परत आला, त्यानं पृथ्वीचं मन पाहिलं आहे!"

"ते वाक्य माझं आहे," मावशी मागून म्हणाली.

माना वळल्या.

"गेल्या वर्षी वाचनालयात माझं व्याख्यान झालं, त्यातलं. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होतात. पण पुढचं वाक्य विसरलात. 'पाहिलेलं सांगायला मात्र त्याला तोंड नाही, म्हणून आम्हाला भिंगं घेऊन बसावं लागतं.'"

गुरू क्षणभर गडबडले, पण मुरलेला गडी. "बघा! विज्ञानसुद्धा तेच सांगतं! बाई, सांगा यांना, ही शिळा खोलातून आली की नाही?"

"आली," मावशी म्हणाली. "ते खरं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरूंनी हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे असं पाहिलं की तिला जमीन दुभंगावीशी वाटली. मावशी आहे तरी कुणाच्या बाजूची?

"खरं ते खरं म्हणायला मला भीती नाही," टाळ्या थांबल्यावर मावशी म्हणाली. "ही एके काळी साधी वाळू होती. जमिनीचे मोठाले पट्टे एकमेकांवर रेटले जातात, त्यात ती खोल गाडली गेली, भाजली, दाबली गेली. कण एकमेकांत अडकून बसले, मुलांच्या कोड्यातले तुकडे बसतात तसे. पुढे कणांच्या कडा झिजल्या, फटी राहिल्या. म्हणून कण सुटतही नाहीत आणि घट्टही बसत नाहीत. जरासे हलतात. अशा दगडाची पातळ फळी कापली की ती लवते. दगडाला सांधे असल्यासारखी. दुर्मीळ आहे, पण चमत्कार नाही." तिनं पिशवीतून तशीच एक फळी काढली. "ही आमच्या कॉलेजच्या संग्रहातली. आजोबा, दोन्ही टोकांना धरा."

आजोबांनी धरली. कोणी हात न लावता फळी मध्ये झोळीसारखी लवली.

"आजोबा, तुम्ही खरे की खोटे?"

"ते बायकोला विचारावं लागेल," आजोबा म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

"तर ही खऱ्यापुढे लवत नाही. स्वतःच्या वजनानं लवते. यांची जरा जाड आहे, म्हणून तिला वर हाताचा भार लागतो."

"मग त्या पोरीपुढे का नाही लवली?" सलाईनवाल्या बाईनं विचारलं.

"मखमल उचला, म्हणजे कळेल."

"आसनाला हात लावाल तर अनर्थ होईल!" गुरू गरजले. पण त्या बाईनं बाटली नवऱ्याच्या हातात दिली, शिळा उचलून बाजूला ठेवली आणि एका झटक्यात मखमल ओढली. अनर्थ काही झाला नाही. दोन ठोकळे तेवढे उघडे पडले.

मावशीनं ठोकळे गुरूंच्याच फळीच्या टोकांखाली ठेवले आणि डॉक्टरीणबाईंना हात टेकायला लावला. फळी लवली. मग ठोकळे मध्याजवळ, एकमेकांना जवळजवळ खेटून सरकवले. "आता दाबा." फळी ढिम्म. "दूरदूरच्या दोन भिंतींवर टाकलेली फळी वाकते, जवळच्या दोन विटांवर टाकलेली वाकत नाही. एवढीच यांची विद्या. प्रश्न राहिला एकच. ठोकळे कुणासाठी सरकवायचे हे यांना कसं कळलं?"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "मीच सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "माझा हिच्यावर संशय आहे असं. ती नवीन होती. सारखी त्या कपाटाच्या किल्लीबद्दल कुरकुर करायची. मला वाटलं, हिलाच एवढी किल्लीची काळजी का?"

"किल्ली खिळ्याला टांगलेली असते," धाकटी म्हणाली. "पाण्याच्या पिंपाशेजारी. येणारा-जाणारा कोणीही घेऊ शकतो. तेच मी सांगत होते."

सगळ्यांनी पिंपाकडे पाहिलं. किल्ली खिळ्याला लोंबत होती.

तेवढ्यात गुरूंनी शिळा काखेत मारून दार गाठलं. पण घाईत ते एक्स-रेच्या खोलीचं निघालं. आत पलीकडे वाट नव्हती. परत येऊन त्यांना सगळ्या गर्दीमधून, "जरा वाट द्या, जरा वाट द्या" करत जावं लागलं. त्या वेळी त्यांच्यात कसलंही व्हायब्रेशन दिसलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मावशीची फळी त्यांनी स्वतः ठोकळ्यांवर ठेवली, ठोकळे टोकांना नेले. "बाळा, झालं गेलं विसर. सगळ्यांसमोर हात टेक. एकदा लवू दे, म्हणजे तुझ्यावरचा डाग गेला."

"टेक गं," आई म्हणाली. "संपवून टाक एकदाचं."

"टेक, टेक!" गर्दी म्हणाली. त्यांना शेवट गोड हवा होता.

धाकटीनं मावशीकडे पाहिलं. मावशी फळीकडेच पाहत होती. धाकटीचा हात पुढे गेला. एकदा टेकवला की काम झालं, नोकरी राहिली, नाव राहिलं. मग तिनं तो मागे घेतला.

"नाही, मॅडम. त्या दिवशी दगड लवला नाही म्हणून मी चोर ठरले नव्हते. मग आज लवला म्हणून साव कशी ठरेन? तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. विचारा."

डॉक्टरीणबाईंना ते सोपं गेलं नाही. "तू घेतल्यास का कुप्या?"

"नाही."

"आणि मी विश्वास ठेवला नाही तर?"

"तर तपास करा. कपाटाला कोण हात लावतं ते पाहा, पुरावा शोधा. माझाही तपास करा, माझी हरकत नाही. पण माणसाबद्दल काही कळायचं असेल तर माणसाला विचारा. दगडाला त्याचं स्वतःचंच विचारावं, आणि तेही मावशीसारखं शिकून."

डॉक्टरीणबाईंनी खिळ्यावरची किल्ली काढून मुठीत घेतली. मग ज्या लोकांपुढे त्यांनी आळ घेतला होता, त्याच लोकांपुढे म्हणाल्या, "माझं चुकलं."