हरलेल्याच्या काखेत

मित्रांनो, मी सोंगट्यांचा एक जुना पट आहे. अक्रोडाच्या लाकडाचा, मधोमध मिटणारा. माझ्या बिजागऱ्या अजून शाबूत आहेत, पण माझी कहाणी सांगताना मला लाज वाटते.

अथेन्समधल्या वासोच्या कॉफीच्या दुकानात माझा जन्म गेला. रोज सकाळी अर्गिरिस आणि झिसिस हे दोन म्हातारे मित्र माझ्यावर खेळत. अर्गिरिस पूर्वी बस चालवायचा. झिसिस फासे हातात घोळवत बसला की तो ओरडे, "टाक की आता! अंडी उबवतोयस का?"

अर्गिरिसचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दान आपल्या हातात नसतं, चाल असते." फार पूर्वी याच शहरातल्या एका ओसरीवर बसून स्टोइक पंथाची तत्त्वज्ञ मंडळी हेच शिकवायची, असं तो ऐटीत सांगे. कुणाची पेन्शन कापली जाई, कुणाचा मोबाइल बंद पडे, कुणाच्या गाडीला ओरखडा येई. लोक तणतणत येत आणि तो माझ्याकडे बोट दाखवी. माणसं शांत होऊन घरी जात. मी फुगून जाई. वाटे, आपण नुसतं लाकूड नव्हे, गुरुजी आहोत!

मग झिसिसची बायको ख्रिसांथी वारली. काही दिवसांनी तो दुकानात आला, फासे उचलले आणि त्याला रडू कोसळलं. सगळे बघत राहिले. अर्गिरिस माझ्या कडेवर टिचकी मारून म्हणाला, "दान पडलं, झिसिस. आता रडून काय होणार? चाल खेळ."

झिसिसने फासे खाली ठेवले, डोळे पुसले, सगळ्यांची माफी मागितली आणि निघून गेला. माफी मागितली हो त्याने! मला तिथल्या तिथे मिटून जावंसं वाटलं. पण पटाला स्वतःहून मिटता येत नाही.

तो पुन्हा आला नाही. दार उघडत नाही, धड जेवत नाही, असं शेजारणी सांगू लागल्या.

"त्याला मी काय करणार? वेळच तशी आली," अर्गिरिसने हात झटकले.

वासोने कॉफीचा कप त्याच्यापुढे आदळला. "काका, ख्रिसांथीकाकू गेल्या, ते दान. पण रडत्या माणसाला चारचौघांत गप्प केलंत, ती चाल कुणाची होती? ओसरीवरच्या शहाण्यांची?"

अर्गिरिसची मान खाली गेली. कॉफी तशीच गार झाली. मग त्याने मला मिटलं आणि काखेत मारलं. आमच्याकडे पट असा काखेत घेऊन चालायचं ते हरलेल्याने. भर दुपारी बाजारातून जाताना लोक हसले, "काय बसवाले, आज कुणी धुतलं?" तो तसाच चालत राहिला. त्याच्या घामाने माझं लाकूड ओलं झालं होतं आणि मीही त्याच्याइतकाच खजील होतो.

झिसिसने दार किलकिलं केलं. "मला खेळायचं नाही."

"मलाही नाही. चुकलो मी, झिसिस. आत घे."

अर्गिरिसने मला दाराबाहेर भिंतीला टेकवलं. आतून बराच वेळ झिसिसचं रडणं ऐकू येत होतं. अर्गिरिस एक शब्दही बोलला नाही.

मित्रांनो, मला उन्हापावसात टाकू नका, माझे फासे हरवू नका. माझी शिकवणही घ्या, स्वतःच्या रागासाठी घ्या, स्वतःच्या रडगाण्यासाठी घ्या. पण समोरच्याचे डोळे भरून आले असतील, तर आधी मला मिटा.