अवेळी जागी झालेली कमळं

तळघराचं दार उघडताच असिलकानच्या तोंडावर ऊबदार वाफ आली. बाहेर काराकोल शहराच्या रस्त्यावर बर्फ बुटाखाली करकरत होता आणि इथे आत मात्र हमामखान्यासारखा दमटपणा. तिने बॅटरीचा झोत भिंतीकडे वळवला. बादल्यांतल्या ओल्या भुशातून बोटाबोटाएवढे फिकट कोंब वर आले होते. कोपऱ्यात इमारतीला ऊब पुरवणारा जाड नळ सांध्याशी फुटून फुसफुसत होता.

कमळं तिच्या नवऱ्याची, तोक्तोसूनची. खिंडीतल्या रस्त्यांवरचा बर्फ बुलडोझरने हटवण्यात त्याची हयात गेली. एकदा सरोवराकाठच्या आरोग्यधामाच्या तळ्यातला गाळ उपसताना त्याला कंद सापडले. ते त्याने कोटाच्या खिशात घालून आणले आणि कुणीतरी टाकून दिलेल्या लोखंडी टबात, इमारतीच्या अंगणात लावले. शेजारणी हसल्या. जुलैत पांढरी फुलं उमलली, तेव्हा त्याच शेजारणी नटूनथटून टबाशेजारी फोटो काढायला आल्या.

हिवाळ्यात टब तळापर्यंत गोठायचा. म्हणून थंडीच्या तोंडावर तो पानं छाटायचा, कंद उचलायचा आणि तळघरात नेऊन 'झोपवायचा'. हा शब्द त्याचाच. तळघर गोठतही नसे, तापतही नसे. असिलकान या भानगडीत कधी पडली नाही. बालवाडीच्या स्वयंपाकघरात दिवसभर राबून आल्यावर ती म्हणायची, "माझी ही सवत तुम्हीच सांभाळा."

गेल्या पानगळीच्या सुमारास तोक्तोसूनला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. तरी त्याने पलंगावरून डाव्या हाताच्या खुणांनी तिला एकेक गोष्ट शिकवली. देठ कुठे कापायचा, भुसा किती ओला ठेवायचा. सगळं करून ती वर आली तेव्हा त्याने विचारलं होतं, "झोपली?" ती म्हणाली, "झोपली." त्यानंतर हळूहळू दिवस, महिने, ऋतू त्याच्या डोक्यातून ओघळून गेले. आणि आता ऐन जानेवारीत कमळं जागी झाली होती.

नळवाला कुबात दुसऱ्या दिवशी आला. लहानपणी तो तिच्याच बालवाडीत होता आणि अजूनही तिला 'एजे', म्हणजे थोरली ताई, म्हणायचा. सांध्याला त्याने रबर गुंडाळलं, तारेने आवळलं, पण वाफ थोडी कमी झाली इतकंच. नळ बंद करून सांधा बदल, म्हणून असिलकानने त्याला पुन्हापुन्हा विनवलं.

"एजे, बंद केला तर वरची सगळी घरं गारठतील," तो हात पुसत म्हणाला. "तुमचा म्हातारा त्यातल्याच एका घरात आहे ना?"

तिने बादल्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "यांना परत झोपवायचं कसं, ते तरी सांग."

"जाग आल्यावर कोण झोपतंय, एजे? बालवाडीत तुमची एवढी रव्याची खीर खाऊन मला कधी दुपारची झोप लागली?"

तो हसला. तिलाही क्षणभर हसू आलं, आणि त्याचाच तिला राग आला.

तिने एक कंद गोधडीत गुंडाळून बाल्कनीत ठेवला. सकाळी तो दगड झाला होता. दुसरा फ्रिजच्या खालच्या खणात ठेवला, तर त्याचा कोंब आठवडाभरात काळा पडला. वरच्या मजल्यावरची रईसा म्हणाली, कशाला जिवाला घोर लावून घेतेस, बाजारात प्लास्टिकची मिळतात, ती ना झोपतात ना उठतात. तळघरातले बाकीचे कंद एकेक करून लिबलिबीत होत चालले होते. शेवटी जो एक बरा दिसला तो तिने कपडे धुण्याच्या तसराळ्यात, चिखलपाण्यात लावला आणि वर आणला. घरात उजेडाची खिडकी एकच होती, तोक्तोसूनच्या पलंगाशी. तिथेच स्टुलावर तिने तो ठेवला.

खिडकीतून येणारा उजेड राखेच्या रंगाचा होता. तरी दोन पानं कशीबशी वर आली, रुपयाएवढी, पिवळट, आणि पाण्यावर टेकली.

दुपारी ती नवऱ्याला दूधचहा चमच्याने पाजत होती. त्याची नजर तसराळ्यावर गेली आणि तिथेच थांबली. इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा असा उजळला नव्हता.

"उन्हाळा आला," तो म्हणाला. शब्द अडखळला, पण स्पष्ट होता.

असिलकानने काचेबाहेर पाहिलं. अंगणातल्या टबाच्या जागी बर्फाचा नुसता उंचवटा होता.

"आला," ती म्हणाली.

"मग मला खाली ने ना, म्हातारे. टब भरायला हवा."

"नेईन. वारा आहे आज."

त्याने मान डोलवली. डावा हात लांबवून त्याने एका पानाला बोट लावलं. देठ तिथल्या तिथे सुटला आणि पान तरंगत कडेला गेलं. बुडाशी कंद कुजला होता. पाण्याला आलेला वास तिला सकाळीच कळला होता, त्याला कळला नाही.

"पाणी कमी झालंय," तो म्हणाला.

ती उठली. स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला आणि पान बुडू नये म्हणून तसराळ्याच्या कडेकडेने, अगदी बारीक धारेने पाणी ओतू लागली. तो पाहत होता. "अजून," तो म्हणाला. ती ओतत राहिली.