दीड सेंटिमीटरने गांदो

आमच्या जपानातल्या कानाझावात बुरी हा मासा माणसासारख्या बढत्या घेतो. लहानपणी कोझोकुरा, मग फुकुरागी, मग गांदो, आणि ऐंशी सेंटिमीटर भरला की बुरी. म्हणून लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीला जावयाकडे अख्खा बुरी न्यायचा, त्यालाही तशीच बढती मिळावी म्हणून. विहीणबाई अर्धा कापून परत देतात.

लोक बाजारातून आणतात. आमच्या ह्यांनी मात्र लेकीच्या लग्नातच, साके जरा जास्त झाल्यावर, सगळ्यांदेखत सांगून टाकलं की बुरी मी स्वतः गळाने धरणार. झालं! डिसेंबरभर हे खडकावर आणि माझा जीव टांगणीला. जावई यासुफुमी नगरपालिकेत सहा वर्षं एकाच खुर्चीवर. त्यात आमचा बुरीही चुकला, तर माझ्या चिनामीला जन्मभर टोमणे.

तीस तारखेला दुपारी एकदाचा मासा आला. मी टेप लावली. साडेअठ्ठ्याहत्तर.

"गांदो आहे हा," मी म्हटलं.

ह्यांनी शेपूट ओढून पाहिलं, ओठ ताणून पाहिले. मग पांडित्य सुरू. बुरी हे नाव म्हणे 'अबुरा' म्हणजे तेल, त्यावरून पडलंय, लांबीचा काही संबंधच नाही, आणि ह्याच्या अंगावर तेल बघ किती!

"तेल तुमच्याही अंगावर आहे. तुम्हाला कोणी बुरी म्हणतं का?"

पण तोवर बाजारातले बुरी संपले होते. निघालो तोच घेऊन. ह्यांनी वाटभर तेलाचं भाषण घोकलं.

विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी माशाकडे पाहिलं, आत गेल्या आणि पट्टी घेऊन आल्या. चिनामीने मान खाली घातली. तिच्याकडे बघून ह्यांनी भाषण सोडलं आणि सरळ सांगून टाकलं.

"गांदो आहे, विहीणबाई. दीड सेंटिमीटर कमी पडला. चूक माझी आहे, पोरीला काही बोलू नका."

विहीणबाईंनी पट्टी खाली ठेवली.

"कालच यासुफुमीला बढतीचं पत्र आलं," त्या म्हणाल्या. "उपप्रमुख केलंय. पण प्रभारी. म्हणजे आमचाही अजून गांदोच."

चिनामी पदराआड हसावं तशी बाहीआड हसली. विहीणबाईंनी डोक्याकडचा मोठा भाग आम्हाला बांधून दिला आणि पुढच्या वर्षी मात्र पुरता ऐंशीचा आणा, म्हणजे माशाची आणि यासुफुमीची, दोघांचीही बढती पुरी होईल, असं बजावलं.

परतताना मला रडूच आवरेना. पोर सुखात होती. हे मात्र विचारत होते, जानेवारीपासूनच खडकावर बसलं तर कसं?